फाइल पास, कापड नापास

अंबरपेठहून रामंतापूर, उप्पल मागे टाकून वरंगळच्या रस्त्याला लागलं, की तास-दीड तासात पोचमपल्लीचे माग दिसू लागतात. हैदराबादेत कॉम्प्युटरवर डिझाइन शिकणाऱ्या कला शाखेच्या मुलांच्या अभ्यासक्रमात हा रस्ता असायला हवा.

कलाशिक्षणात कॅड, म्हणजे संगणकाच्या मदतीनं डिझाइन, आलं, ते चांगलंच झालं. 1963 साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत ‘स्केचपॅड’ तयार केलं, तेव्हा लाइट पेननं पडद्यावर रेघ ओढणं हीच नवलाई होती. आज ते काम साध्या लॅपटॉपवर होतं. संगणकामुळे हातची कला बुडाली म्हणून गळा काढणाऱ्यांनी सोलापुरी चादर आठवावी. तिच्यावरची नक्षी जॅकार्डवर उतरते, आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारं ते यंत्र 1804 सालचं. सोलापुरात ते चालवणाऱ्यांत तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं कितीतरी!

तेव्हा कॅड शिकवावं की नाही, हा वाद आता पुरे. ते कशाला जोडून शिकवायचं, एवढाच प्रश्न आहे. सॉफ्टवेअरचे मास्तर कमांड शिकवतात, मुलं चकचकीत कागदावर प्रिंट काढतात, त्यावर गुण मिळतात. ती नक्षी कापडावर उतरेल का, हे बघायला कुणी जात नाही.

पोचमपल्लीच्या इकतमध्ये हे लगेच उघडं पडतं. इथं कापड विणून मग रंगवत नाहीत. विणण्याआधी सूतच रंगवतात. नक्षी आलेखाच्या कागदावर मांडायची, तिच्या चौकटींप्रमाणे धाग्यांच्या जुड्या करायच्या आणि जिथं रंग नको तिथं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचं. मग रंगात बुडवायचं, वाळवायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं. पडद्यावर एका क्लिकमध्ये वाढवलेला रंग म्हणजे इथं बांधणी-रंगणीचा आणखी एक फेरा. मोराची गोलाई चौकटींमुळे पायऱ्यापायऱ्यांची होते. कडेला रंग किंचित पसरतो, तीच इकतची ओळख; पडद्यावरची कड मात्र सुरीनं कापल्यासारखी. हे ठाऊक नसलेल्या मुलानं दहा रंगांचा नाजूक मोर काढला, तर तो छापखान्यातच जाणार. इकतच्या नावाखाली छापील कापड बाजारात आधीच ढिगानं आहे, त्यात आणखी एका पदवीधराची भर.

येवल्याची गोष्ट वेगळी. पैठणीचा पदर विणताना नक्षीचा कागद ताण्याखाली ठेवतात आणि रंगारंगाच्या छोट्या कांड्या हातानं फिरवत विणतात. तिथं संगणक खरोखर कामाला येतो: मुनिया उलटी करा, मोर लहान करा, कागद छापा, मागाखाली सरकवा. जॅकार्डसाठी तर फाइल जवळजवळ थेट मागावर जाते. तीन कलांच्या तीन तऱ्हा, आणि वर्गात मात्र सगळ्यांना एकच धडा.

इकतच्याच विणकर घरातल्या चिंताकिंदी मल्लेशम यांनी कॅडचा वर्ग पाहिला नव्हता, शाळाही सहावीपर्यंतच. सूत बांधण्याआधी ते अर्धवर्तुळातल्या खुंट्यांभोवती गुंडाळावं लागतं, त्याला ‘आसू’ म्हणतात. एका साडीसाठी हात हजारो वेळा मागंपुढं न्यायचा. आईचा दुखरा खांदा रोज डोळ्यांसमोर होता; 1999 साली त्यांनी आसूचं यंत्र तयार केलं. 2017 साली पद्मश्री मिळाली. कामाची हालचाल आतून माहीत असली की यंत्र कुठं लावायचं तेही कळतं. कॅडच्या वर्गाला नेमकी हीच माहिती मिळत नाही.

साधनांची अडचणही सांगायला नको. जॅकार्ड आणि डॉबीची नक्षी करण्यासाठी ‘डिजीबुनाई’ हे मुक्त सॉफ्टवेअर सरकारी पुढाकारानंच बनलं आहे. तरी आपल्याकडे महागड्या पॅकेजची चोरटी प्रत शोधण्यातच पुरुषार्थ!

मासाब टँकचं जवाहरलाल नेहरू वास्तुकला आणि ललित कला विद्यापीठ असो की मुंबईचं जे. जे., अभ्यास मंडळांनी एवढं करावं: कॅडच्या पेपरचे निम्मे गुण विणलेल्या किंवा घडवलेल्या नमुन्याला ठेवावेत आणि तो तपासायला पोचमपल्लीचा, येवल्याचा विणकर परीक्षक म्हणून बोलवावा. मानधन प्राध्यापकाइतकंच द्यावं.