नजर रस्त्यावर असू द्या!

गणेशचतुर्थी तोंडावर आली आहे. थोड्याच दिवसांत मुंबईचे चाकरमानी मुलाबाळांसह सिंधुदुर्गात उतरतील, मालवणच्या बाजारपेठेत माटवीच्या सामानासाठी रीघ लागेल, आणि कणकवली, कसाल, कुडाळ, वेंगुर्ले येथील रस्त्यांवर दुचाकी वाहनांची गर्दी एकाएकी वाढेल. कोकणातील घरात एक मोटारसायकल असली की सणाच्या दिवसांत तिला विसावा नसतो. सकाळी ती फुले आणायला धावते, दुपारी पाहुण्याला घ्यायला स्थानकावर जाते आणि रात्री भजनाची मंडळी वाडीवाडीवर पोहोचवते. एवढे उपयोगी वाहन दुसरे नाही. परंतु हेच वाहन, ज्या घरी माटवी बांधायची त्याच घरी सुतक आणते, हा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही. म्हणूनच आनंदाच्या या मुहूर्तावर एक कटू विषय पहिल्या पानावर मांडणे आम्हांस आपले कर्तव्य वाटते.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. मेलेल्या दर शंभरांपैकी चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरील होती. एखाद्या साथीच्या रोगाने एवढे बळी घेतले असते तर देशभर हाहाकार उडाला असता, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले असते. पण रस्त्यावरचा मृत्यू एकेकट्याने येतो, एकेका गावात येतो, आणि दहाव्या-बाराव्याबरोबर विसरला जातो. ‘नशिबात होता ता झाला’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

आमचा आक्षेप नेमका या वाक्याला आहे. अपघात हा शब्दच असा आहे की, तो उच्चारताच कोणाची जबाबदारी उरत नाही. वीज पडून माड जळाला तर त्याला दैव म्हणावे. पण पावसाने निसरड्या झालेल्या वळणावर भरधाव गाडी घालणे, किंवा एका हातात हँडल व दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन बाजारपेठेतून जाणे, यात दैवाचा संबंध कोठे येतो? बहुतेक अपघात घडण्यापूर्वी काही क्षण रस्त्यावर दिसत असतात. प्रश्न एवढाच असतो की, ते पाहणारा डोळा जागा होता काय?

अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात हॅरी हर्ट या संशोधकाने सुमारे नऊशे मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. तिचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन-तृतीयांश टकरींत दोष त्या दुसऱ्या वाहनाच्या चालकाचा आढळला. त्याने मोटारसायकलचा जाण्याचा हक्क डावलला होता, आणि याचे मुख्य कारण असे की, त्याला मोटारसायकल दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. संकट ओळखून ते टाळण्यासाठी स्वाराला सरासरी दोन सेकंदही मिळाले नव्हते. देश वेगळा, रस्ते वेगळे. पण माणसाचा डोळा सर्वत्र सारखाच. मोटारीच्या किंवा डंपरच्या चालकाला मोठ्या वाहनाचे भय असते, म्हणून तो ते शोधतो. चिंचोळी दुचाकी त्याच्या नजरेतून सहज निसटते. आपल्याकडे २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही पेटता ठेवण्याची सक्ती झाली, ती याच कारणाने.

यातून स्वाराने घ्यावयाचा बोध सरळ आहे. आपण दिसलोच असू असे गृहीत धरू नये. आपली बाजू खरी असणे वेगळे आणि आपला जीव सुरक्षित असणे वेगळे. खरी बाजू न्यायालयात सिद्ध करता येते. परंतु त्यासाठी न्यायालयाची पायरी चढण्याइतके धड राहावे लागते.

थोडा हिशेबही करू. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा ते सतरा मीटर तोडते. धोका पाहून, तो मनाला उमजून, हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तरी गाडी पंचवीस मीटर पुढे गेलेली असते. थांबण्याची क्रिया त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यावर थांबण्याचे अंतर दुप्पट होत नाही, ते चौपट होते. आणि रस्ता ओला असेल तर त्याहूनही वाढते. चाळीसच्या वेगात मोबाईलकडे दोन सेकंद पाहणारा तरुण बावीस मीटर रस्ता आंधळेपणाने ओलांडतो. तेवढ्या अंतरात शाळेच्या तीन-चार वर्गखोल्या मावतात.

आमच्या किनारपट्टीचे रस्ते तर सावधपणाची परीक्षाच घेतात. मालवणहून कसालकडे जा, धामापूरमार्गे कुडाळकडे जा, अथवा आचऱ्याकडे जा. सड्यावर सरळ धावणारा रस्ता उतारावर एकाएकी वळतो. जांभ्या दगडाच्या गडग्याआडून वाडीची पाणंद मुख्य रस्त्याला येऊन मिळते, आणि तिच्यातून मूल येते की म्हैस, हे ती रस्त्यावर पाय ठेवीपर्यंत कळत नाही. झाडांच्या दाट सावलीत शेवाळ धरते. कडेची तांबडी माती पावसाने वाहून डांबरावर पसरते. मासळीच्या टेंपोतून ठिबकलेले पाणी रस्ता बुळबुळीत करते. पाण्याने भरलेला खड्डा साध्या डबक्यासारखा दिसतो. रात्री मोकाट गुरे कोरड्या डांबरावर बसून राहतात, व काळी म्हैस दिव्याच्या उजेडात येईपर्यंत ती अंधाराचाच भाग असते. तारकर्लीहून देवबागला जाणारा रस्ता एका बाजूला समुद्र व दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी अशा चिंचोळ्या पट्टीतून जातो. त्यावर भाड्याची स्कूटर घेतलेला पाहुणा समुद्राकडे पाहत चालतो आणि स्थानिक मनुष्य सवयीच्या भरवशावर. एक रस्ता ओळखत नाही व दुसऱ्याला तो फार ओळखीचा वाटतो. दोघेही सारखेच बेसावध!

रस्ता वाचता येतो, हे आम्ही मुद्दाम सांगू इच्छितो. एस.टी. थांबलेली दिसली की तिच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडणार असे समजावे. चेंडू आला की मागून मूल येणारच. गाय ओलांडून गेली तरी वासरू अद्याप अलीकडे असू शकते. उभ्या मोटारीत माणूस दिसला की तिचे दार उघडेल हे धरून चालावे. वळणापलीकडे जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. यासाठी विलक्षण बुद्धी लागत नाही. मन गाडीबरोबर असावे लागते.

महामार्गाची गोष्ट निराळी आहे. पूर्वीचा १७ क्रमांकाचा, आताचा ६६ क्रमांकाचा मुंबई-गोवा महामार्ग आमच्या जिल्ह्यात रुंद झाला आणि त्याबरोबर वाहनांचा वेगही वाढला. आमच्या सवयी मात्र जुन्या अरुंद रस्त्याच्याच राहिल्या. दुभाजकातील पुढच्या फटीपर्यंत जाण्याचा कंटाळा येतो म्हणून उलट्या दिशेने गाडी हाकणारे सद्गृहस्थ आम्ही रोज पाहतो. पाच मिनिटे वाचविण्यासाठी ते जे पणाला लावतात, त्याची किंमत त्यांच्या घरच्यांना विचारावी.

कायदा काय म्हणतो, हे सर्वांस ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने चालकाला व मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते न घातल्यास एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना स्थगित होण्याची तरतूद आहे. तरीही २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण देशात प्राणांस मुकले. आमच्याकडे पोलीस दिसताच हेल्मेट डोक्यावर चढते आणि नाका ओलांडताच ते कोपरावर येते. डोके वाचवायचे आहे की दंड, याचाच निर्णय आपण अजून केलेला नाही. मात्र हेल्मेट घातले म्हणजे सारे झाले, असेही नव्हे. हेल्मेट अपघात झाल्यावर उपयोगी पडते. नजर तो होण्यापूर्वी.

स्वारांना चार शब्द सुनावताना शासनाला मोकळे सोडण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ‘सावकाश चालवा’ अशी पाटी लावली म्हणजे खड्डा बुजत नाही. रस्त्याची आखणी, बांधणी व देखभाल यांत कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास किंवा ठेकेदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या १९८-अ कलमात आहे. ती कागदावर राहावी यासाठी केलेली नाही. चतुर्थीपूर्वी वळणांवरील झुडपे तोडावीत, साइडपट्ट्या भराव्यात, पांढरे पट्टे रंगवावेत, आंधळ्या वळणांवर आरसे बसवावेत, आणि मोकाट गुरांच्या मालकांस जाब विचारावा, ही आमची मागणी आहे. नागरिकाने डोळे उघडे ठेवावेत आणि शासनाने झाकावेत, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

आणि शेवटी पालक व शिक्षक. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाच्या हाती गिअरची मोटारसायकल देणाऱ्या पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘मुलगा चांगली चालवतो’ हा त्यावर बचाव नाही. आम्ही स्वतः काही वर्षे शाळेत शिकविले आहे, आणि एक कबुली द्यावयास हवी. दहावीतली मुले गाडीवरून शाळेत येताना आम्ही पाहिली. गृहपाठ विचारला, परवाना विचारला नाही. रस्त्याचे नियम पाठ करून घेतले, पण रस्ता पाहावा कसा हे शिकविले नाही. ती चूक आज या पानावरून अंशतः तरी भरून काढावी, अशी आमची इच्छा आहे.

हे शिकविण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मालवणच्या किनाऱ्यावरचा तांडेल समुद्राला नारळ वाहतो, पण त्या भरवशावर होडी लोटत नाही. वारा कोठून फिरतो, पाण्याचा रंग कोठे बदलतो, लाट कोठे फुटते, यावर त्याची नजर सतत असते. बापजाद्यांचा समुद्र म्हणून तो डोळे मिटत नाही. उलट बापजाद्यांनीच त्याला सांगितलेले असते की, समुद्र रोज नवा असतो. रस्ताही रोज नवा असतो. तांडेलाची ती नजर आमच्या तरुणांनी हँडल धरताना सोबत घेतली, तर यंदाच्या चतुर्थीला प्रत्येक माटवीखाली आरतीला सारी माणसे उभी असतील. याहून मोठे मागणे आम्ही गजाननाकडे मागत नाही. आणि ते पुरे करणे बऱ्याच अंशी आपल्याच हाती आहे.