यंत्राचे भाडे आणि मुलांचे प्राण

ठाण्यातील खासगी रुग्णालये आता यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेची जाहिरात करतात. लहान मुलांच्या गाठीही अशा रीतीने काढता येतात, हे कानावर आले की कल्याण-डोंबिवलीतल्या पालकाला वाटू लागते, या यंत्राचे पैसे आपण भरू शकलो नाही तर मूल हातचे जाईल. ही भीती निराधार आहे, आणि तिच्यावर कोणाचा तरी धंदा चालतो.

यंत्र स्वतः काही कापीत नाही. शल्यविशारद बाजूला बसून त्याचे हात चालवितो. छेद लहान राहतो, निवडक रोग्यांना लाभ होतो, हे मान्य. परंतु मुलांच्या मूत्रपिंडात होणारी विल्म्सची गाठ बहुधा मोठी असते. काढताना ती फुटली तर रोगाची पायरी वाढते. म्हणून पोट उघडून ती अखंड काढणे हीच आजही प्रमाण पद्धत आहे. जोडीला लागणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध तर कित्येक दशके जुने आहे. उलट ‘दा विंची’ यंत्राच्या अमेरिकन कंपनीने उपकरणांच्या वापराची संख्याच बांधून टाकली आहे; ती भरली की यंत्र ते उपकरण स्वीकारीत नाही. गावच्या सावकारालाही हे सुचले नसते!

जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. उशिरा वा चुकीचे निदान, औषधांची टंचाई, अर्धवट सुटलेले उपचार ही तिने दिलेली कारणे. यंत्रमानव नाही म्हणून मुले दगावतात, असे तिने म्हटलेले नाही.

आणि आपल्याकडे? ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री ठाण्याचेच होते.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीतील परळच्या टाटा रुग्णालयात ते २०१४ मध्येच आले. ते तिथेच शोभते. मात्र त्याच परळच्या पदपथावर रोग्यांचे आईबाप रात्री काढतात. कार्यकर्त्यांनी महापालिकांच्या अंदाजपत्रकाच्या वेळी एवढेच विचारावे: रुक्मिणीबाई वा शास्त्रीनगर रुग्णालयात पोट फुगलेले मूल आले तर त्याची सोनोग्राफी त्याच दिवशी होईल काय, त्याला परळला कोण पोचवील, आणि उपचाराचे महिने त्याची आई कोठे झोपेल?