आठवणींना विजेचे बळ

१९७०च्या दशकात ब्रिटनमधील मुलांना रॅले कंपनीच्या ‘चॉपर’ सायकलीने वेड लावले होते. उंच हँडल, लांबट आसन, पुढचे चाक लहान, मागचे मोठे. ती मुले आज साठीच्या घरात आहेत. काहीजण जपून ठेवलेल्या त्याच सायकलीला विजेची मोटार बसवतात.

ही हौस आरोग्यदायी ठरावी, यासाठी थोडे पथ्य पाळावे. या सायकलीवर भार मागे पडतो. म्हणून बॅटरी मागे न लादता सांगाड्याच्या मध्यभागी बसवावी. मोटारीआधी ब्रेक सुधारावेत आणि ब्रेक दाबताच मोटार थांबेल अशी सोय करावी. तेथील नियमानुसार मोटारीची क्षमता जास्तीत जास्त २५० वॅट असते आणि तिचे साहाय्य ताशी सुमारे २५ किलोमीटरपर्यंतच मिळते. ठेंगण्या आसनामुळे गुडघ्यांवर ताण येतो. ते शक्य तितके उंच करावे. चक्कर येत असेल, तोल जात असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून सायकलीवर बसू नये. बॅटरी घरात कोणी जागे असतानाच चार्ज करावी.

आणि घरच्यांनो, ‘या वयात कशाला?’ असे विचारण्याऐवजी पहिल्या फेरीला मोकळ्या मैदानात सोबत चला. वडीलधाऱ्यांना मोटारीइतकाच तुमचाही आधार हवा असतो.