चौथ्या चरणातली पाकळी

बारावी विज्ञानाच्या गणितात ध्रुवीय सहनिर्देशक येतात आणि दोन-चार उदाहरणांत निघूनही जातात. एक्स म्हणजे आर कॉस थीटा, वाय म्हणजे आर साइन थीटा. एखादा बिंदू या रूपातून त्या रूपात नेला, की पुढचं प्रकरण. अख्खं समीकरण बदलून त्याचा आलेख हाताने काढण्यापर्यंत गाडी सहसा पोचतच नाही. त्यासाठी वर्गात एक पूर्ण तास राखून ठेवायलाच हवा.

एक्स² + वाय² = ४ एक्स घ्या. डावीकडे आर², उजवीकडे ४ आर कॉस थीटा; आरने भागलं की उरतं आर = ४ कॉस थीटा. भागाकारात आरंभबिंदू निसटला का, अशी शंका एखादी मुलगी काढेल आणि ती रास्तच आहे. थीटा ९० अंश झाला की आर शून्य होतो, म्हणजे तो बिंदू वर्तुळावर शाबूत आहे.

सगळीच समीकरणं अशी बदलावीत असं नाही. वाय = एक्स + ३ ही साधी रेषा ध्रुवीय रूपात उगाच बोजड होते.

पण फुलाचा वक्र पाहावा. इटलीच्या ग्विडो ग्रांडी यांनी अठराव्या शतकात अशा वक्रांचा अभ्यास केला. चार पाकळ्यांच्या फुलाचं समीकरण (एक्स² + वाय²)³ = ४ एक्स² वाय². एक्सची किंमत घालून वाय शोधायचा तर दर वेळी घनसमीकरण सोडवत बसावं लागतं. तेच फूल आर = साइन २ थीटा एवढ्यात मावतं.

एककाला ५ सेंटीमीटर धरावेत आणि कोनमापक घ्यावा. १५ अंशांच्या रेघेवर अडीच सेंटीमीटर, ३० वर ४.३, ४५ वर पूर्ण ५, मग तसंच उतरत ९० ला शून्य. एक पाकळी झाली. त्यापुढे आर ऋण होतो आणि पेन्सिल अडते. १३५ अंशांची रेघ दुसऱ्या चरणात, पण आर उणे १. म्हणून अंतर उलट दिशेला मोजायचं आणि पाकळी चौथ्या चरणात उमटते. मोबाइलवरचं ॲप तयार फूल क्षणात दाखवतं. पहिल्या चरणानंतर चौथा, मग तिसरा आणि शेवटी दुसरा, हा पाकळ्यांचा क्रम मात्र रेघ फिरवणाऱ्या हातालाच कळतो.