साखरेचे कुपन कुठे ठेवले?



दिवाळी पंधरा दिवसांवर आली की गट ऑफिसच्या ओट्यावर दरसाल एकच प्रश्न कानी पडतो, "साहेब, आमचं कुपन सापडंना झालंय, काही करता येईल का?" विचारणारा माणूस काही लहान नसतो. रानात दोन-अडीच एकर आडसाली उभी असते, गावात शब्दाला मान असतो. पण क्लार्कापुढे मात्र पाटी-पेन्सिल घरी विसरून आलेल्या पोरासारखा उभा राहतो. हे आम्ही दुसऱ्याचे सांगत नाही. एका वर्षी त्या ओट्यावर आम्हीच उभे होतो.

आमच्या आईला अक्षरओळख नव्हती. पण ती असेपर्यंत घरातले एकही कुपन वाया गेले नाही. तिची पद्धत साधी होती. कुपन आले की ते घडी घालून फडताळात साखरेच्या डब्याखाली जायचे. साखर संपली, डबा घासायला उचलला, की कुपन हाताला लागलेच. मग ती आम्हाला हाक मारायची, "आरं, डबा वाजाय लागलाय, केंद्रावर जाऊन ये." ज्या कागदाची ज्या वेळी गरज, तो त्याच वेळी पुढ्यात यावा, एवढाच त्यातला हिशेब. आम्ही शिकलेले, म्हणून आम्हाला तो अडाणीपणा वाटायचा.

आई गेल्यावर कुपने आमच्या बंडीच्या खिशात आली. खिशात अगोदरच काटा पावत्या, खताची बिले, सोसायटीची नोटीस. त्या दिवाळीला आम्हाला वाटले धाकट्याने साखर उचलली, धाकट्याला वाटले आम्ही उचलली. फराळाला दुकानातून साखर आणली आणि दोघेही गप्प राहिलो. भाऊबीज झाल्यावर कुपने सापडली. कुठे? कारखान्याच्या वार्षिक अहवालात. गट ऑफिसने दोन्ही बरोबरच दिले होते आणि अहवाल आम्ही उघडलाच नव्हता! (अहवाल न उघडणारे आम्ही एकटेच नसू, पण तो विषय वेगळा.) मुदत चार दिवसांपूर्वी संपलेली. क्लार्क म्हणाला, "आता साखर शिल्लक खात्यात गेली." त्याचेही चुकले असे म्हणवत नाही.

आता कोणी म्हणेल, दहा-वीस किलो साखरेसाठी एवढे काय? समजा बाजारात साखर 44 रुपये किलो आहे आणि सभासदाला 20 रुपयांनी मिळते. वीस किलोला 480 रुपये झाले. एवढी मजुरी कोणी बांधावर पाडून येत नाही. त्यात रेशनचा जुना आधारही राहिला नाही. 2013 साली केंद्र सरकारने लेव्ही साखर बंद केली, आणि 2017 पासून केंद्राचे अनुदान अंत्योदय कार्डावरच्या महिन्याच्या एक किलोपुरते उरले. पूर्वी कुपन हरवले तर रेशनचे कार्ड घेऊन रांगेत उभे राहता यायचे. आता बहुतेकांना सरळ दुकानच गाठावे लागते.

पण आमच्या मते खरी गोष्ट पैशांच्या पलीकडची आहे. सवलतीची साखर ही संचालक मंडळाची मेहेरबानी आहे असे पुष्कळांना वाटते, आणि फुकट आलेल्या चीजवस्तूला आपण जपत नाही. प्राप्तिकर खाते मात्र तिला मेहेरबानी समजले नाही. बाजारभाव आणि सभासदाचा भाव यांतला फरक म्हणजे सभासदांना वाटलेला नफाच, सबब त्यावर कर भरा, असे त्याचे म्हणणे. 2012 साली हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने प्रकरण पुन्हा अपिलाच्या आयुक्तांकडे पाठवले आणि तपासायला सांगितले, की अशी साखर देण्याची सहकारी कारखान्यांत प्रथाच आहे काय, ती फक्त दिवाळीला देतात की महिन्याच्या महिन्याला, आणि किती द्यायची हे कशाच्या आधारावर ठरते. म्हणजे बघा, आपण ज्या चिठोऱ्यावर पोरांना गणिते करायला देतो, त्याच्यामागच्या हिशेबाची चौकशी दिल्लीत झाली. ही साखर ऊस घालणाऱ्या सभासदाच्या घरी गेली, याची खूण म्हणजे ते कुपन.

म्हणूनच केंद्राबाहेर मोटरसायकल लावून कुपने गोळा करणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. वीस किलोच्या कुपनाला दोनशे रुपये हातावर टेकवायचे आणि साखर परस्पर दुकानात. देणाराही म्हणतो, "रांगेत कोण उभं राहतंय?" असे कुपन विकणारा सभासद उद्या सभेत उठून साखर वाढवून द्या म्हणाला, तर त्याला काय उत्तर द्यावे?

घरात वाटण्या झाल्या की दुसरा घोळ सुरू होतो. भाग वडिलांच्या नावावर, वडील जाऊन पाच वर्षे झालेली, आणि चुली तीन. कुपन ज्याच्या हाती पडले त्याची साखर. साखरेवरून भावाभावांत अबोला धरलेली घरे आम्हाला माहीत आहेत, नावे सांगत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 30 प्रमाणे सभासद वारल्यावर भाग त्याने नेमलेल्या माणसाच्या नावे होतो. नेमणूकच नसेल तर समितीला जो वारस किंवा कायदेशीर प्रतिनिधी दिसेल त्याच्या. तेव्हा वडीलधाऱ्यांनी हयातीतच वारसाचे नाव लावून घ्यावे, आणि भावांनी पाळी ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. तोंडी ठरलेली पाळी दिवाळीत कोणाला आठवत नाही.

ठेवण्याच्या पद्धतीबद्दल आमचा फार आग्रह नाही. पण कुपन आणि काटा पावती एका पिशवीत नकोत. काटा पावतीचे आयुष्य निराळे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. ती पावती बिल जुळेपर्यंत आणि पुढेही जपायची. कुपनाचे तसे नाही, तारीख टळली की ते रद्दी. एक वर्षाचा कागद, एक चार दिवसांचा, दोन्ही तारेला टोचले तर चार दिवसांचा खाली दबणारच. आमच्या घरी आता कुपन पुन्हा डब्याखाली गेले आहे. मुदतीची तारीख कॅलेंडरवर पुतणी लाल पेनने लिहिते, आणि साखर आणणाऱ्याने तिथेच सही करायची. पहिल्या वर्षी धाकटा हसला होता. यंदा सही करायला तोच पुढे.

थोडे कारखान्यालाही सांगायचे आहे. मुदतीची तारीख मुंगीएवढ्या अक्षरांत छापू नये, म्हाताऱ्या माणसाला दिसेल अशी छापावी. कुपन अहवालात घालून देऊ नये. सही घेऊन, शक्य तर घरच्या बाईच्या हाती द्यावे. डबा तिच्या ताब्यात असतो, कारभाऱ्याच्या नाही. आणि हरवलेल्या कुपनाला अर्ज घेऊन, दप्तरातली नोंद पाहून, एकदा तरी दुय्यम प्रत मिळावी.

येत्या वार्षिक सभेत मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळच्या विषयांत आम्ही ही मागणी मांडणार आहोत. येताना अहवाल वाचून येऊ.