मध्यस्थ कोणाचा?



गळीत हंगामाआधी तोडणी-वाहतुकीचे करार सुरू झाले की एक शब्द वरचेवर कानी येतो : मध्यस्थ. "मध्यस्थ नको, काय ते थेट बोला," असे आपण म्हणतो. आणि भाऊबंदकीत बांधाचे भांडण पेटले की "कुणीतरी मध्यस्थ घाला" असेही आपणच म्हणतो. एकाच शब्दाला हा मान आणि हा संशय का, हे पाहण्यासारखे आहे.

शब्द संस्कृत. मध्य म्हणजे मधली जागा, स्थ म्हणजे तिथे उभा असलेला. गीतेच्या सहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकात 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' हे शब्द पाठोपाठ येतात. दोघेही वरवर सारखेच, मग शब्द दोन कशाला? शंकराचार्यांनी भाष्यात फरक दाखवला आहे. उदासीन तो, जो कोणाचीच बाजू घेत नाही. मध्यस्थ तो, जो विरुद्ध असलेल्या दोघांचेही हित इच्छितो. म्हणजे नुसते मध्ये उभे राहून भागत नाही.

व्यवहारातले शब्दही मुळात वाईट नव्हेत. 'दलाल' अरबी, मूळ अर्थ वाट दाखवणारा. 'मुकादम' हाही अरबीच. पुढे ठेवलेला, म्हणजे पुढारी. जुन्या मराठी कागदांत गावच्या पाटलाला मोकदम म्हटलेले आढळते. शब्द चांगल्या घरचे; पण मधल्या जागेवर पैसा अडू लागला आणि ते बदनाम झाले.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा केला, तो शेतकरी आणि बाजार यांच्यामधली सावकार-दलालांची भिंत पाडण्यासाठी. आपल्यापुरती ती बरीचशी पडली. पण आपण आणि आपला ऊस तोडणारा यांच्यामध्ये कोण उभा आहे?

उचल मुकादमाच्या हाती जाते, त्याच्याकडून कोयत्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता; करारावर सही मात्र मुकादमाची आणि हिशोब त्याच्या वहीत. किती फिटले, किती राहिले, हे तोडणाऱ्याला पुष्कळदा हंगाम संपताना कळते. उलट उचल घेऊन टोळी आलीच नाही, तर ते कर्ज मुकादमाच्या बोकांडी बसते. तेव्हा सगळा दोष एकट्या मुकादमावर टाकून आपण मोकळे होऊ नये. त्याला तसे उभे करणारी पद्धत आपलीच आहे.

आम्हांस वाटते, तीन गोष्टी व्हाव्यात. उचलीची पावती आणि तोडलेल्या टनांची चिठ्ठी प्रत्येक कोयत्याच्या हाती पडावी. मजुरी आणि मुकादमाचे कमिशन हिशोबात वेगवेगळे दाखवावे. आणि तंटा झाला तर शेतकी खात्याने दोघांना समोरासमोर बसवून ऐकून घ्यावे.

आणि एक आपल्यासाठी. क्रमपाळी डावलून तोड लवकर मिळावी म्हणून जो सभासद टोळीला जादा 'खुशाली' देतो, तो आपल्याच फडात एक नवा दलाल पेरतो. त्याचे पीक पुढच्या वर्षी शेजाऱ्याला आणि मग त्यालाच कापावे लागते.

मध्यस्थ असूच नये, असे आमचे म्हणणे नाही. हजारो एकरांच्या तोडणीत मध्ये कोणीतरी लागणारच. तो दोघांचा असावा, एवढेच. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय जरूर मांडावा.