देवाला नाही, लग्नाला नाही, मग कशाला?

नेरसारख्या तालुक्याच्या गावात बाईने आठ दिवस घराबाहेर राहायचे म्हटले की तिला कारण द्यावे लागते. चालणारी कारणे मोजकीच आहेत. शेगाव, माहूर, पंढरपूर. बहिणीचे बाळंतपण, भाच्याचे लग्न. कुणाला नागपूरला दवाखान्यात भरती केले असेल तर त्याच्याजवळ थांबायला. यातले प्रत्येक कारण दुसऱ्या कुणासाठी आहे. देवाला जाणेही बहुतेक वेळा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नवसापायी घडते. ‘मला जावेसे वाटते’ हे कारण या यादीत कुठेच नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच मैत्रिणींनी हिमालयात केदारकंठ्याला जायचे ठरवले, तेव्हा घरोघरी पहिला प्रश्न खर्चाचा आला नाही, थंडीचाही नाही. “देव हाय काय तिथं?” हा आला. दुसरा, “घरचं कोन पाहीन?” दोन शिक्षिका, एक अंगणवाडी सेविका, एक शिवणकाम करणारी आणि मी, सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या. मुले मोठी झालेली, तरी दुसरा प्रश्न सुटला नाही. लेकरे मोठी होतात, स्वयंपाक मोठा होत नाही की संपत नाही.

गंमत अशी की देव तिथे आहे. केदारकंठा उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, साडेबारा हजार फुटांवर, आणि माथ्यावर शंकराचे लहानसे ठाणे आहे. आमच्यातली एक म्हणाली, घरी शंकराचे दर्शन म्हणून सांगू, आपोआप परवानगी मिळेल, वर हातात प्रसादाचे पैसेही पडतील. यावर दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी तिने तसेच सांगितले आणि ती आली. बाकीच्या चौघींनी सांगितले की फिरायला जातोय. तिला मी दोष देणार नाही. ज्या घरात ती राहते ते घर मला माहीत आहे. पण देवाच्या नावावर मिळालेली सुट्टी देवाचीच राहते, पुढच्या वेळी ती पुन्हा मागावी लागते. फिरायला जाते म्हणून निघालेल्या बाईला पुढच्या वेळी तेच म्हणता येते.

आपल्याकडे या गोष्टीची फार जुनी साक्ष आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, एका बाईच्या नावाचे आहे. तिची कथा पायथ्याची माणसे सांगतात, जुन्या गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. कळसू नावाची कोळ्याची पोर, रानात हिंडण्याची आवड असलेली. एका घरी ती कामाला राहिली ती अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरी पाहुणे आले आणि तिच्यावर तीच कामे लादली गेली. तिने ती केली, मग डोंगरावर निघून गेली आणि मरेपर्यंत वरच राहिली. जिथे भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला ती काळदरा. नवरात्रात तिथे जत्रा भरते, हजारो लोक वर चढतात. तिची देवी झाली, कारण बाईने केरवारा टाकून डोंगरावर जाणे समाजाला पचवायचे असेल तर तिला देवी करणेच सोपे पडते. आपण मात्र तिच्याकडे घरकाम नाकारणारी मोलकरीण म्हणून पाहिले पाहिजे.

घरकामाचे आकडे सरकारनेच काढले आहेत. २०२४च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीनुसार घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात. अशी कामे करणाऱ्या पुरुषाची ८८. म्हणजे तिचे जवळजवळ पाच तास, रोज, रविवारीसुद्धा. डोंगरात या पाच तासांचे काय झाले ते सांगते.

सांकरी हे पायथ्याचे गाव, देहरादूनपासून मोटारीने दिवसभराच्या अंतरावर. तिथून चालायला लागलो की देवदार आणि पाइनच्या रानातून वाट जुडा का तालाब या तळ्याकडे चढते. तळे गोठलेले. तंबूजवळ पोचलो तेव्हा दोन पुरुष चुलीपाशी होते. त्यांनी चहा केला, डाळ-भात केला आणि गरम ताटली आणून हातात दिली. शिवणकाम करणारी मैत्रीण दोनदा उठली, “काही मदत करू का?” म्हणून. तिसऱ्या वेळी आम्ही तिला धरून बसवले. लग्नाला तेवीस वर्षे झाली, म्हणाली, आजारपण सोडून कुणी असे वाढले नाही. ते लोक पगारासाठी करत होते हे खरेच. पण स्वयंपाकाला पगार असतो, तो पुरुषाला येतो आणि करताना त्याची लाज जात नाही, एवढे आम्ही नऊ हजार फुटांवर पाहिले.

एकीला वाटेतच पाळी आली. पाचजणी दोन तंबूंत झोपायच्या, तिला कुणी वेगळे बसवले नाही. वापरलेले कपडे-पॅड तिथे पुरायचे नाहीत, थंडीत काही कुजत नाही. म्हणून पिशवीत बांधून खाली आणले. माथ्यावर शंकराच्या ठाण्याशी तीही आमच्याबरोबर उभी राहिली. पहाटे तीनला निघून, बुटांना काटे लावून, बर्फातून चढलो होतो. समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ. वर्णन करत बसत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

चळवळीतल्या मैत्रिणींशी माझे थोडे भांडण आहे. बाई एव्हरेस्टवर गेली की आपण तिचा सत्कार करतो. करावाच. १९८४ साली बचेंद्री पाल वर पोचल्या तेव्हा आम्ही शाळकरी पोरी होतो आणि वर्गात टाळ्या वाजवल्या होत्या. २०१८मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळेची आदिवासी मुलगी मनीषा धुर्वे ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून एव्हरेस्टवर गेली. २०२२मध्ये बचेंद्रीबाईंच्या नेतृत्वाखाली पन्नाशी उलटलेल्या बायका अरुणाचलपासून लडाखपर्यंत हिमालय चालल्या. त्यांत नागपूरच्या बिमला देऊस्कर होत्या. या बायांचे मोल मोठे आहे. पण बाईने काहीतरी जिंकून दाखवले तरच तिचे बाहेर पडणे योग्य, असे आपणही मानू लागलो तर तो नवसाचाच दुसरा प्रकार झाला. पुरुष चिखलदऱ्याला जातात तेव्हा त्यांना कुणी विक्रम विचारत नाही. आपल्या शिबिरांत आरोग्य, कायदा, बचत गट, व्यसनमुक्ती सगळे असते. नुसते हिंडणे नसते. ते चैनीचे वाटते.

चैनीचा आक्षेप मी टाळणार नाही. रेल्वे, सामानाचे भाडे, वाटाड्या धरून प्रत्येकीचा खर्च झाला तो मजुरी करणाऱ्या बाईच्या आवाक्याबाहेरचा आहे. मार्च २०२३पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, पण ते नागपूरपर्यंतच पोचवते. आणि सांकरीच्या वाटेवर पाठीवर चाऱ्याचा भारा घेऊन उतरणाऱ्या बायका भेटल्या. आमच्या पाठपिशव्या पाहून एकीने विचारले, यात काय आहे? कपडे, म्हटले. ती हसली. तिच्या पाठीवरचे ओझे आमच्याहून दुप्पट होते आणि ते तिच्या रोजच्या कामातले होते. याच राज्यात १९७४ साली रेणीच्या बायकांनी गौरादेवींबरोबर झाडे वाचवली. त्यांना डोंगर शिकवायला आम्ही जाऊ नये हे उघड आहे. वाटाडे आणि भारवाहू मात्र सगळे पुरुषच होते. पर्यटनाचा रोख पैसा कुणाच्या हातात पडतो हे तिथल्या बायकांच्या गटांना विचारले पाहिजे, आणि जमेल तिथे बाई वाटाडीच मागितली पाहिजे. मागणी आली तर त्या तयार होतील.

नेरकडे परतताना दुतर्फा कापूस फुटलेला होता आणि ओट्या बांधलेल्या बायका वेचत होत्या. आम्ही गेलो ते दिवस नाताळच्या सुट्टीचे, म्हणजे नोकरदारांचे. वेचणी किलोवर असते. त्या दिवसांत शेतमजूर बाई आठ दिवस गेली तर तिची वर्षाची हातातली कमाई जाते. तिच्यासाठी हिवाळा म्हणजे कामाचा हंगाम. तेव्हा पुढची तारीख शाळेच्या सुट्टीवर ठरवायची नाही, वेचणीवर ठरवायची. आमच्या गटाने दर महिन्याला प्रत्येकी थोडी रक्कम वेगळ्या डब्यात टाकायला सुरुवात केली आहे. कर्जाच्या खात्यात ती जात नाही. त्यावरून एक बैठक चांगलीच तापली. या वर्षी आधी चिखलदरा, दोन दिवस, सगळ्यांना परवडेल असे. केदारकंठ्यावर मार्चमध्येही बर्फ असते, आणि तोवर आमच्याकडची वेचणी आटोपलेली असते.